तू होतास का तिथं?

मराठी कादंबरीकार कुठंही भेटला, संमेलनात, दिवाळी अंकात, रेडिओवर, की त्याला एक प्रश्न हमखास विचारतात: तुम्ही लिहिता कसं? मग कादंबरीकार खुर्चीत मागं रेलतो. पहाटेची वेळ सांगतो. एकांत सांगतो. पात्रं हात धरून कशी घेऊन जातात ते सांगतो. आंघोळ करताना ओळ सुचली आणि टॉवेल गुंडाळूनच टेबलाशी कसा बसलो तेही सांगतो. ऐकणारे माना डोलावतात, प्रतिभा प्रतिभा म्हणतात. त्याच खुर्चीवर आपल्यातला कादंबरीकार बसला की प्रश्न बदलतो. त्याला विचारतात: हे सगळं खरंच घडलंय का हो?

मित्रांनो, या दोन प्रश्नांच्या मधोमध गावकूस आहे. आतल्याला कारागिरी विचारायची, बाहेरच्याकडून जबानी घ्यायची. साक्षीदारानं पाहिलं तेवढंच सांगायचं असतं. त्यानं पदरचं काही घातलं की साक्षीदार फुटला म्हणून बोंब.

मी या प्रश्नाच्या हात धुऊन मागं लागायचं ठरवलंय, कारण तो मलाही विचारला गेलाय. पण माझं नंतर. आधी थोरांचं.

ना. सी. फडक्यांनी १९३१ साली 'प्रतिभासाधन' नावाचं पुस्तक काढलं. कथा-कादंबरी कशी जुळवावी याचं शास्त्र. शिवडीच्या रद्दीवाल्याकडं मला ते मिळालं आणि रात्रपाळीच्या जेवणाच्या सुटीत मी ते वाचलं. खोटं कशाला बोलू, पुस्तक कामाचं आहे. सुतारानं पोराला रंधा कसा धरायचा ते दाखवावं तसं ते दाखवतं. मला फक्त एकच खटकलं. लिहिणाऱ्याच्या पाठीचं त्यात कुठं नाव नाही. तो कधी उठतो, किती वाजता परत येतो, घरात पाणी कोण भरतं, दिव्याचं बिल कोण भरतं, लिहिताना त्याची बोटं उघडझाक होतात की आखडलेली असतात, काही नाही. प्रतिभेचं साधन म्हणे. माझ्या हिशेबानं पहिलं साधन म्हणजे न दुखणारा खांदा.

पुढं फडके आणि खांडेकर यांच्यात कला कलेसाठी की जीवनासाठी हा वाद झाला. आमचे शाळामास्तर हा वाद रंगवून सांगायचे, जणू कुस्तीच लागलीय. मी दुधनीच्या शाळेत मागच्या बाकावर बसून ऐकायचो. माझा बाप तेव्हा मार्केट यार्डात आडत्याच्या दुकानी तुरीची पोती उचलत असायचा. मला वाटायचं, या दोघांच्या भांडणात आपल्या बापाला कुणी पंच म्हणून का बोलवत नाही.

आता बघा. खांडेकरांनी 'ययाति' लिहिली, १९५९ साली. तिला पुढं ज्ञानपीठ मिळालं. खांडेकरांना कुणी विचारलं का, तुम्ही हस्तिनापुरात होता का म्हणून? शिवाजी सावंतांनी १९६७ साली 'मृत्युंजय' लिहिली. सावंत कर्णाच्या रथाचं चाक उपसत होते काय? रणजित देसाई 'स्वामी'त माधवराव पेशव्याच्या शेजघरापर्यंत जाऊन आले, १९६२ साली, आणि महाराष्ट्रानं डोळे पुसले. पेशव्याच्या शेजघरात शिरायला परवाना लागत नाही. महारवाड्यातनं बाहेर पडून दुसऱ्या कुणाच्या घरात शिरायचं म्हटलं की मात्र ओळखपत्र दाखवावं लागतं.

जरा जवळचं उदाहरण घेऊ. १९६३ साल. त्या एका सालात दोन पुस्तकं आली. एक भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला', दुसरा बाबूराव बागुलांचा कथासंग्रह 'जेव्हा मी जात चोरली होती'. नेमाडे सांगवीचे, त्यांचा नायक पांडुरंग सांगवीकर. नेमाडे शिकायला पुण्याला गेले, पांडुरंगही गेला. तरी 'कोसला' ही कादंबरी, आणि ती आहेच, मराठी कादंबरीचा मोहरा फिरवणारी कादंबरी आहे ती. मलाही ती पाठ असल्यासारखी आहे. पण पांडुरंगाची धाकटी बहीण मनी देवीनं गेली तेव्हा नेमाड्यांच्या दारात कुणी मृत्यूचा दाखला मागायला गेलं नाही. वाचणाऱ्यानं रडून घेतलं आणि पुस्तक मिटलं. बागुलांच्या कथेतला 'मी' मात्र लोकांनी सरळ बाबूराव बागुल म्हणून वाचला. बागुल माटुंगा लेबर कॅम्पात राहिले, रेल्वेत नोकरी केली, जातीपायी खोली मिळायची मारामार झाली. हे सगळं खरं. पण ती कथा आहे. तिच्यात कुठं थांबायचं, कुठं मार खायचा, कुठं तोंड उघडायचं हे एका माणसानं रात्र रात्र जागून ठरवलंय. त्या ठरवण्याला कुणी प्रतिभा म्हटलं नाही. दाहक अनुभव म्हणाले. दाहक अनुभव माझ्या अख्ख्या गँगला आहे, लेको. गँगमधल्या पंधरा जणांपैकी कथा एकालाही लिहिता येत नाही.

आणि १९७८ च्या 'बलुतं'चं काय? दया पवार नावाचा शहरी माणूस आणि दगडू मारुती पवार नावाचा खेड्यातला माणूस, एकाच कातडीतले दोघे, समोरासमोर बसतात आणि एक दुसऱ्याला सांगतो. ही रचना कुणी केली? व्यथेनं? व्यथा रचना करत नाही, व्यथा विव्हळते. रचना दया पवारांनी केली. पण समीक्षेनं पानं भरली ती 'प्रांजळ', 'प्रामाणिक', 'अस्सल' या तीन शब्दांनी. 'बलुतं'नंतर 'आठवणींचे पक्षी', 'उपरा', 'अक्करमाशी', 'उचल्या' आली. दहा वर्षांत महाराष्ट्राला कळलं की दलितांकडं गोष्टी आहेत, आणि त्याबरोबर महाराष्ट्रानं ठरवूनही टाकलं की दलितांकडं फक्त स्वतःची गोष्ट आहे. प्रत्येकी एक. ती सांगून झाली की गप बसावं.

सगळ्यात भारी किस्सा तेंडुलकरांचा. १९८३ साली विजय तेंडुलकरांचं 'कन्यादान' आलं. त्यात अरुण आठवले नावाचा दलित कवी आहे. तो ब्राह्मण बायकोला बडवतो, आत्मचरित्र लिहितो, गाजतो. आमच्या लोकांनी आरडाओरडा केला, तेव्हा उत्तर मिळालं की लेखकाला कल्पनेचं स्वातंत्र्य असतं. असतंच. ते मी नाकारत नाही. तेंडुलकरांनी दलित माणसाच्या डोक्यात शिरू नये असं मी म्हणणार नाही, मला स्वतःला चार जणांच्या डोक्यात शिरायचंय. पण पुढचं ऐका. त्याच 'कन्यादान'ला १९९३ चा सरस्वती सन्मान मिळाला. सवर्ण नाटककारानं दलित लेखक कल्पनेतून घडवला, त्याला आत्मचरित्र लिहायला लावलं, आणि तेही बायकोला मारून आल्यावर. ही झाली निर्मिती. खऱ्या दलितानं खरं आत्मकथन लिहिलं, तो झाला दस्तऐवज. म्हंजे आमचं आयुष्य त्यांच्या हातात पडलं की कला, आमच्या हातात राहिलं की कागदपत्र.

इथं मला आमच्या तालुक्याचं नाव घ्यावं लागतंय. दुधनी अक्कलकोट तालुक्यात, सोलापूर जिल्ह्याच्या पार कडेला. पुढं कर्नाटक. घरात कानडी, शाळेत मराठी, बाजारात दोन्ही. मुंबई-मद्रास लाईनवरचं स्टेशन आणि तुरीचा बाजार, एवढीच गावाची ओळख. त्याच तालुक्यातल्या हन्नूरला १९५६ साली शरणकुमार लिंबाळे जन्मले. आई महाराची, बाप लिंगायत पाटील, शाळेत बापाचं नाव काय लावायचं इथूनच रड. अठ्ठाविसाव्या वर्षी, १९८४ ला, 'अक्करमाशी' छापून आली. बारा माशांचा तोळा. अकरा माशांचं सोनं म्हणजे एक मासा कमी, हिणकस. आमच्याकडं ही शिवी अजून चालते. मी ती भांडणात ऐकलीय, नळावर ऐकलीय. ती शिवी उचलून पुस्तकाच्या कपाळावर लावायची ही अक्कल दाहक अनुभवातून येत नाही. शिवी तर कित्येकांनी खाल्ली. तिचं शीर्षक एकानं केलं.

माझ्या आजीला मी 'अक्करमाशी'तली पानं वाचून दाखवली होती. तिनं मन लावून ऐकलं. मग म्हणाली, "लिवलंय चांगलं, पण त्या आईला काय वाटलं आसंल रं?" मला तेव्हा उत्तर आलं नाही. आज येतं. आत्मकथनाची किंमत एकटा लेखक भरत नाही. आई भरते, आजी भरते, बहीण भरते, सगळ्यांची नावं चव्हाट्यावर येतात. वाचकाला अस्सल पाहिजे असतं ना, मग अस्सल आईच लागते. कादंबरीत आईला दुसरं नाव देता येतं. तिच्या अंगावर लुगडं टाकता येतं. ज्यांना आमच्याकडून कायम आत्मकथन हवं असतं त्यांनी हा हिशेब कधी केलाय काय? पांढरपेशा लेखकाच्या बायकोचं, आईचं नाव पात्राला देऊन झाकलेलं असतं. ती सभ्यता झाली. आमच्या बाया उघड्याच बऱ्या दिसतात यांना.

लिंबाळे तिथंच थांबले नाहीत, म्हणून त्यांचं नाव काढलं. १९९६ ला 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' लिहून त्यांनी सत्यं शिवं सुंदरम् वाल्यांना विचारलं, की ज्या साहित्यानं वाचकाला आनंद द्यायचाच नाही, अस्वस्थ करायचंय, त्याला तुमच्या आनंदाचं माप का लावता? स्वातंत्र्य, समता, न्याय, बंधुता हीच आमच्या साहित्याची मापं, असं त्यांचं म्हणणं. मला यातलं अर्धं पटतं. माप बदला, बरोबर. पण मूल्यं बरोबर असली की पुस्तक आपोआप चांगलं होतं असं आमच्या पोरांनी त्यातून काढलं, आणि मग प्रत्येक कथेच्या शेवटी निळा झेंडा उभा राहायला लागला. झेंडा उभा करायला बांबू लागतो, आणि बांबू तासावा लागतो.

मग २००३ साली त्यांची 'हिंदू' कादंबरी आली. चळवळीतला एक कार्यकर्ता मारला जातो, आणि चळवळीतलीच माणसं एकेक करून मिंधी होत जातात. ही कादंबरी आत्मकथन म्हणून लिहिता आली असती का, सांगा. मित्रांची नावं घ्यावी लागली असती, अमका विकला गेला, तमक्यानं पाकीट घेतलं. एकतर मारामारी झाली असती नाहीतर कोर्टकचेरी. कादंबरीनं ते आपलं आपल्यालाच सांगता आलं. म्हणजे कल्पना ही सत्यापासून पळायची वाट आहे असं जे आपल्याला शिकवलं गेलंय ते उलटं आहे. स्वतःविषयीचं सगळ्यात अवघड खरं बोलायला कल्पनाच लागते. सात वर्षांनी, २०१० साली, नेमाड्यांची 'हिंदू' आली, जाडजूड, वाजतगाजत. दोन्ही 'हिंदू' शेजारी ठेवून वाचा. पहिलीचं नाव किती समीक्षकांच्या तोंडी आहे ते तुम्हीच मोजा.

२०१८ ला 'सनातन' आली. तिच्यात लिंबाळे थेट इतिहासात शिरले, इंग्रजी अमदानीत, भीमा कोरेगावपर्यंत. ते होते का तिथं? नव्हते. तरी शिरले. त्या कादंबरीला २०२० चा सरस्वती सन्मान मिळाला, पंधरा लाखांचा. त्यावरून आपल्यात बरीच तणतण झाली. कारण दोन-तीन महिने आधीच, जानेवारी २०२१ मध्ये, कवी यशवंत मनोहरांनी व्यासपीठावर सरस्वतीची प्रतिमा असणार म्हणून विदर्भ साहित्य संघाचा जीवनव्रती पुरस्कार नाकारला होता. मनोहरांचा नकार मला माझा वाटतो. लिंबाळ्यांनी 'सनातन' नावाच्या पुस्तकासाठी सरस्वतीच्या नावाचा सन्मान घेतला हे मला रुचलं नाही. पण बक्षीस घेतलं म्हणून पुस्तकातला मुद्दा खोटा ठरत नाही. आणि तणतण करणाऱ्यांपैकी किती जणांनी 'सनातन' उघडून पाहिली होती हेही विचारून घ्यावं म्हणतो.

आता माझं.

मी दहावी पास. बंदरावर कंत्राटी कामगार. कधी लॅशिंगला, कंटेनरवर चढून रॉड आणि टर्नबकल आवळायचं काम, कधी माल उतरवायला. मोझांबिकची, बर्म्याची तूर मुंबईच्या बाजूला उतरते. बाप दुधनीत तूर उचलतो, मी इथं तूर उचलतो. इथली जास्त उतरली की तिथला भाव पडतो. या विनोदावर आम्ही दोघं फोनवर हसतो. माझ्या कविता अशा अंकांतून येतात, तुम्ही वाचता, कळवता. त्याबद्दल तक्रार नाही. पण चार वर्षं मी एक कादंबरी लिहितोय आणि भांडण तिथं आहे.

कादंबरी १४ एप्रिल १९४४ ची. व्हिक्टोरिया डॉक. फोर्ट स्टिकीन नावाचं जहाज कराचीकडून आलेलं. पोटात कापसाच्या गाठी, तेल, लाकूड आणि त्याच पोटात चौदाशे टनांच्या आसपास दारूगोळा. शिवाय सोनं. दुपारी जेवणानंतर दोन नंबरच्या हॅचमधून धूर दिसला. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासानं दुसरा. डॉक उडाला, शेजारची जहाजं उडाली, वस्त्या पेटल्या. आग विझवायला गेलेले जवान गेले, त्यांची आठवण दर वर्षी १४ एप्रिलला निघते आणि निघायलाच पाहिजे. सोन्याचा हिशेब तर चोख आहे. एकतीस पेट्या, प्रत्येकीत चार विटा. पुढं कित्येक वर्षं डॉकचा गाळ उपसताना त्यातली वीट सापडली की बातमी व्हायची. मेलेल्यांचा आकडा मात्र आठशे ते तेराशे. मधल्या पाचशे माणसांचं काय करायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं. विटा मोजल्या, माणसं अंदाजानं.

माझ्या आजीचा एक चुलता त्या काळात दुधनीवरून गाडीत बसून मुंबईला गेला आणि परत आला नाही. आजी तेव्हा रांगत होती. तिनं हे तिच्या आईकडून ऐकलेलं. नाव दोन सांगायची, एकदा एक, एकदा दुसरं. "बंदरात जळाला म्हंत्यात," एवढीच त्याची बखर. फोटो नाही, पत्र नाही, मजुरीची चिठ्ठी नाही. त्या दिवशी बाबासाहेबांचा वाढदिवस होता हे त्याला ठाऊक होतं का? तो त्या दिवशी व्हिक्टोरिया डॉकमध्ये तरी होता का? आणि होता, तर त्याला पाणी कुठल्या भांड्यातून मिळत होतं?

पहिली चार प्रकरणं मी एका नावाजलेल्या मासिकाच्या संपादकाकडं घेऊन गेलो. सभ्य माणूस. चहा दिला, कपात दिला. प्रकरणं वाचून म्हणाला, "तुमच्या कवितेत काय धग आहे! पण हे... तुम्ही होतात का तिथं? तुम्ही तुमचं लिहा ना. आजच्या डॉकवरचं. तुमचं बालपण, दुधनी, आई. ते कुणी लिहिलेलं नाही." मी म्हटलं, सर, हेही कुणी लिहिलेलं नाही. त्यावर तो म्हणाला, "ऐतिहासिक कादंबरीला संशोधन लागतं हो." म्हणजे शेजघरवाल्यांना प्रतिभा पुरते, आम्हाला संशोधन लागतं. आणि दुसरं म्हणाला, की संवादात ती कानडीमिश्रित बोली छान आहे, पण निवेदन स्वच्छ मराठीत केलंत तर बरं. बोली म्हंजे यांना ताटातली चटणी. जेवण त्यांच्या भाषेतलं, चव लावायला आम्ही.

संशोधन मी केलंय. सुटीच्या दिवशी केलंय, रोज बुडवून केलंय. जुन्या बातम्या वाचल्यात, तो भाग पायी फिरलोय, म्हाताऱ्या डॉकवाल्यांना भेटलोय. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया हे डॉक आता बुजवून टाकलेत. जिथं पाणी होतं तिथं सपाट जमीन. पण माझा माणूस कुठल्या कागदात सापडणार? कागद कुणाचे असतात? देवळाकडं सनदा असतात, पाटलाकडं दप्तर असतं. आपल्याकडं महारवतन होतं, त्याचा कागद म्हणजे राबायचा हुकूम. ते वतन १९५८ च्या कायद्यानं गेलं आणि त्याबरोबर त्या कागदातली नावंही धूळ खात पडली. ज्याच्या पणज्याचं तैलचित्र भिंतीवर आहे त्याला कल्पना ही चैन आहे. माझ्या पणज्याला नाक होतं की नव्हतं इथून मला सुरुवात करायचीय. मी ते नाक कल्पनेनं लावलं नाही तर तो तसाच बिननाकाचा राहणार, आठशे आणि तेराशेच्या मधल्या फटीत.

आता आपल्या घरातलं. आमच्या अभ्यासवर्गात एक जण म्हणाला, "कादंबरी म्हणजे बूर्झ्वा प्रकार. मोर्चाला कविता लागते. तू कविता लिही." संपादक म्हणतो कादंबरी लिहू नको, कारण तू फार खालचा. कॉम्रेड म्हणतो लिहू नको, कारण ती फार वरची. मधल्यामध्ये मी. त्या मित्राला मी अण्णा भाऊ साठे दाखवले. दीड दिवस शाळेत गेलेला माणूस, वाटेगावाहून मुंबईला चालत आलेला, गिरणीत राबलेला, चिरागनगरच्या झोपडीत लिहिणारा. पोवाडे लिहिले, लोकनाट्यं लिहिली, मोर्चाला जे जे लागतं ते सगळं दिलं. १९५८ साली दादरच्या पहिल्या दलित साहित्य संमेलनात त्यांनीच शेषनागाला रजा देऊन पृथ्वीचं ओझं राबणाऱ्याच्या तळहातावर ठेवलं. आणि पुढच्याच वर्षी 'फकिरा' आली, बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली. कादंबरी! १९६१ ला तिला राज्य सरकारचं बक्षीस मिळालं. फकिरा खरा होऊन गेलेला माणूस, पण अण्णा भाऊंनी तो घोड्यावर बसवला, उंच केला, गावाच्या भुकेसाठी दरोडा घालायला लावला. पंचनाम्यातला दरोडेखोर त्यांनी नायक करून परत आणला. हे मोर्चाचं काम नव्हतं असं कोण म्हणेल?

कविता आपल्याला सोयीची पडते याचं कारण विचारधारा नाही, वेळ आहे. कविता दोन हुकांच्या मध्ये बसते. मुकादमानं हाक मारायच्या आत डोक्यात जुळते, बिडीच्या पाकिटावर मावते. कादंबरीला लागोपाठचे दिवस लागतात. कालचा माणूस आज कुठं सोडलाय ते आठवावं लागतं. आणि माझा आठवडा कंत्राटदाराच्या वहीत असतो, जहाज लागलं तर सलग दोन पाळ्या, नाही लागलं तर घरी, बिनपगारी. म्हणून मी माझी रीत काढलीय. कुणी विचारलं नाही, तरी सांगतो, कारण हा प्रश्न आपल्याला कुणी विचारतच नाही.

सकाळी सुटल्यावर गाडीत जागा मिळाली तर मोबाईलमध्ये बोलून ठेवतो, हळू आवाजात, दुधनीच्या भाषेत. शेजारच्याला वाटतं गावाकडं फोन चाललाय, आणि तो चाललेलाच असतो. सुटीला ते ऐकून वहीत उतरवतो. उतरवताना निम्मं गळतं, जे गळतं ते गळायच्याच लायकीचं असतं. प्रकरणं लहान, एका पाळीएवढी. प्रत्येक प्रकरण एका पाळीत सुरू होतं आणि भोंग्याला संपतं. ही काही शैली म्हणून शोधलेली नाही, तेवढाच वेळ असतो म्हणून तसं झालं. नंतर लक्षात आलं की त्या माणसाचाही दिवस असाच तुटत असणार. माझ्या बोटांना टर्नबकलनं घट्टे पडलेत, पेन नीट धरता येत नाही, म्हणून वाक्यं आखूड. सनासनावळी मी आधी भिंतीवर लिहिली, मग तिच्यात त्याला मोकळा सोडला. तो स्फोटाच्या आदल्या रात्री काय जेवला हे ठरवायला मला तीन महिने लागले. ठरवलं, आणि मग तो चालायला लागला. पात्रं हात धरून नेतात असं जे ते खुर्चीवाले म्हणतात ते साफ खोटं नाहीये. फक्त माझं पात्र हात धरतं तेव्हा त्याच्याही हाताला घट्टे असतात.

'तू होतास का तिथं' याला उत्तर म्हणून मी आता माझ्या हजेरीचं कार्ड दाखवणार नाही. मी नव्हतो. संपादकही नव्हता. जे होते ते मेले. चार प्रकरणांची आता अकरा झालीत. बारावं अडलंय, दुपारी दोन ते चार, धूर दिसल्यापासून स्फोटापर्यंतचे दोन तास. त्या दोन तासांत गोदीत राबणाऱ्याला कुणी बाहेर पड म्हणालं का, की पाळी संपल्याशिवाय कुणी हललंच नाही, हे मला माणसांकडून ऐकायचंय.

तुमच्यापैकी शिवडी, माझगाव, वडाळा, डोंगरी, कुठं कुठं पसरलेले आहात. कुणाच्या घरात आजा, पणजा, चुलता बंदरावर होता का त्या साली? म्हातारी जिवंत असेल तर तिच्याजवळ बसा, नावं विचारा, दोन सांगितली तर दोन्ही लिहून घ्या. कुठलं गाव, कुठली गँग, मुकादम कोण, डबा कुणाच्या हातचा. खात्री नसली तरी चालेल. अंकाच्या पत्त्यावर टाका. पुढच्या अंकात बारावं प्रकरण द्यायचं म्हणतोय, तोवर जेवढी नावं येतील तेवढी त्यात उभी करतो.